साफ दिसतं, तरी पडदा तपासा

नमस्कार श्रोतेहो. आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा नाहीतर मेयो हॉस्पिटलात, डोळ्यांच्या ओपीडीत शुगरचा पेशंट हमखास म्हणतो, "मले तर सगळं साफ दिसते, डॉक्टरसाहेब!" साफ दिसत असतं, हे खरंच. पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावरची, म्हणजे रेटिनावरची गडबड त्याआधीच सुरू झालेली असू शकते.

पडद्यातल्या केशवाहिनीला आतून एंडोथेलियल पेशींचं अस्तर असतं. बाहेरून तिला पेरिसाइट नावाच्या पेशी बिलगलेल्या असतात. अस्तर पीडीजीएफ-बी हे प्रथिन सोडून पेरिसाइटना जवळ बोलावतं. त्या अँजिओपोएटिन-१ हे प्रथिन पाठवून अस्तर घट्ट राखतात. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की पेरिसाइट मरू लागतात. अँजिओपोएटिन-२ वाढतं आणि पहिल्याचं काम बिघडवतं. मग वाहिनीला फुगवटे येतात, पाणी झिरपतं, काही वाहिन्या बंदच पडतात.

पडद्याला प्राणवायू भरपूर लागतो. तो कमी पडला की तिथल्या म्युलर पेशी व्हीईजीएफ हे नव्या वाहिन्यांना हाक मारणारं प्रथिन सोडतात. ती हाक ऐकून जवळच्या वाहिनीतली एक पेशी पुढे सरसावते, बारीक तंतू काढून चाचपडत वाट काढते आणि शेजारणींना नॉच या संदेशातून सांगते, 'तुम्ही मागेच राहा.' पोटातल्या बाळाच्या डोळ्यातही वाहिन्या अशाच वाढतात. म्हणूनच मला या आजाराचं फार वाईट वाटतं. पेशी धडपडतात उपाशी पडद्याला रक्त पोचवायला, आणि तयार होतात कच्च्या, गळक्या वाहिन्या. त्या पडद्यावरून डोळ्यातल्या जेलीत शिरतात, फुटतात, कधी पडदाच ओढून काढतात.

अशी हाक मारणारा काही पदार्थ असावा, असं नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात वाढलेलं व्हीईजीएफ १९९४ मध्ये दाखवून देण्यात आलं. आज डोळ्यात देतात ती इंजेक्शनं हेच प्रथिन अडवतात. त्यातलं फॅरिसिमॅब हे औषध तर अँजिओपोएटिन-२ लाही अडवतं. लेझरनं पडद्याचा कडेचा भाग भाजला की प्राणवायूची मागणी घटते. मेलेल्या पेरिसाइट मात्र यातल्या कशानंही परत येत नाहीत.

म्हणून टाइप-२ मधुमेह निघाला की लगेच, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा, साधारण दरवर्षी पडदा तपासून घ्या. थेंबांनी बाहुली मोठी होते, काही तास उजेड खुपतो, जवळचं धूसर दिसतं. तेव्हा नागपूरच्या उन्हात काळा चष्मा ठेवा, आणि परतताना गाडी चालवायला घरचं कुणीतरी सोबत आणा.