लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवरचे शब्द

निफाड तालुक्यातून सकाळच्या एसटीने नाशिकला येणाऱ्या या विद्यार्थिनीच्या मांडीवर मिठाईचा एक रिकामा खोका आहे. घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून तिने त्यांच्या कोऱ्या बाजूंवर इंग्रजी शब्द लिहिले आहेत आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून खोक्याचे पाच कप्पे केले आहेत. अर्थ आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते. चुकला, तर ती पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. पहिला कप्पा ती रोज उघडते, शेवटचा महिन्यातून एकदा.

ही रीत १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या विज्ञानपत्रकाराने जर्मनीत लोकांपुढे मांडली. त्याच्या कितीतरी आधी, १८८५ मध्ये, जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध करून दाखवून दिले होते की, पाठ केलेले सुरुवातीला झपाट्याने विसरते आणि नंतर हा वेग मंदावतो. म्हणूनच एका रात्रीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते.

तिला दिल्ली विद्यापीठात प्रवेश हवा आहे. त्यासाठीच्या सीयूईटी या परीक्षेत बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे १ गुण वजा होतो. त्यामुळे अर्धवट ठाऊक असलेला शब्द अजिबात ठाऊक नसलेल्या शब्दापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, कारण तो आत्मविश्वासाने चुकायला लावतो.

‘सँक्शन’ हा असाच एक शब्द. द्राक्षबागायतदाराच्या घरात तो लहानपणापासून कानांवर पडलेला असतो: बँकेचे कर्ज सँक्शन झाले, म्हणजे मंजूर झाले. मात्र टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयात, १८४० पासून वाचकांची सोय पाहणाऱ्या या संस्थेत, इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना तिला एका देशाने दुसऱ्या देशावर ‘सँक्शन्स’ लादल्याची बातमी आढळली. तिथे मंजुरीचा अर्थ कसा लागावा? शब्दकोशात मंजुरी आणि निर्बंध हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी होते.

उलगडा लॅटिनमध्ये आहे. पवित्र ठरवणे, कायद्याने पक्के करणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. कायद्याने पक्के केले म्हणजे मान्यता दिली, आणि तो कायदा मोडणाऱ्यासाठी शिक्षाही ठरवली. ‘सँक्च्युअरी’ हा शब्दही त्याच कुळातला: आधी पवित्र स्थान, मग जिथे शरण आलेल्याला अभय मिळते अशी जागा. तिच्याच तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या इंग्रजी नावात तो तिने अनेकदा वाचला होता.

हजारो शब्द आणि त्यांच्यापुढे एकेक प्रतिशब्द छापणाऱ्या याद्यांबद्दल आमची तक्रार हीच आहे की, त्या शब्दाचे कूळही सांगत नाहीत आणि त्याचे वाक्यही दाखवत नाहीत.

परतीच्या गाडीत ती नवी चिठ्ठी लिहिते. ‘सँक्शन’खाली दोन वाक्ये येतात, एक कर्जाचे, दुसरे निर्बंधांचे. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त छापलेला आहे. ती चिठ्ठी पहिल्या कप्प्यात सरकवते आणि खोका बंद करते.