नाइस पोस्ट, थँक्स फॉर शेअरिंग

[अकोला. पहाट. गिरणीचं शटर वर जातं.]

डाबकी रोडच्या आतल्या बाजूची ही गल्ली. खाली पिठाची गिरणी, वर एक खोली. आता तिथे रिकामी पोती पडलीयेत. पण २००९ ते २०१२ मध्ये याच खोलीत चार कॉम्प्युटर होते, आणि चार माणसं रात्रभर बसून अमेरिकेतल्या, इंग्लंडातल्या ब्लॉगांखाली कमेंट टाकायची. "नाइस पोस्ट, थँक्स फॉर शेअरिंग." तुम्ही त्या काळात ब्लॉग लिहीत असाल तर हे वाक्य तुमच्याकडेही आलं असेल, मराठी कवितेखालीसुद्धा यायचं. आपल्याला वाटायचं कुठलंतरी मशीन टाकतंय. मशीनंही टाकायची, नाही असं नाही. पण या खोलीत मशीन नव्हतं.

[जिना. भाऊ पुढे, कॅमेरा मागे.]

खोलीतलं काम घ्यायचे ते हे. गल्लीत सगळे यांना भाऊ म्हणतात, आम्हीही तेच म्हणू. आता यांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. तेव्हा पेपरात छोटी जाहिरात आली होती, घरबसल्या डेटा एंट्री, इंग्रजी टायपिंग आवश्यक.

[वही. क्लोजअप.]

ही वही बघा. दोनशे पानी लाँगबुक, कव्हर गेलंय. आम्ही खरं तर कॉम्प्युटर शूट करायला आलो होतो पण ते केव्हाच भंगारात गेलेत, मग भाऊंनी माळ्यावरून ही काढली. अक्षर त्यांचं नाही, ताईंचं आहे, मोठ्या बहिणीचं, त्या इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या. पानाच्या डोक्यावर विषय, कुत्रा, दात, घराचं कर्ज, लग्नाचे फोटो, कार्पेट धुणं. खाली वीस-वीस वाक्यं. "माझ्याकडेपण असाच कुत्रा आहे, तुमची टिप उपयोगी पडेल." असं सगळं इंग्रजीत, सुबक अक्षरात. आणि प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीच्या खुणा, कितीदा वापरलं त्याच्या. पाच खुणा झाल्या की वाक्य बाद, कारण तेच ते दिसलं की स्पॅममध्ये जायचं.

[पान उलटताना भाऊंचा बाइट]

आता हे काम नेमकं काय होतं ते नीट समजून घेऊ, कारण ते कुणी सांगत नाही. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल काढलं तेव्हा मूळ कल्पना अशी की एखाद्या पानाकडे जितक्या लिंका येतात तितकं ते पान मोलाचं, म्हणून सर्चमध्ये वर, आणि लिंक देणारा स्वतः वजनदार असेल तर अजूनच. यालाच पेजरँक म्हणायचे, ब्राउझरच्या वर हिरवी पट्टी दिसायची, शून्य ते दहा. आता लिंकेला वजन आहे म्हटल्यावर लिंका विकत मिळायला लागणारच. आणि ब्लॉगची कमेंट म्हणजे फुकटची भिंत, नाव, ईमेल, वेबसाइट आणि मजकूर अशा चार चौकटी भरल्या की झालं. वेबसाइटच्या चौकटीत गिऱ्हाइकाच्या साइटचा पत्ता, म्हणजेच लिंक. नावाच्या चौकटीत नाव नाही घालायचं, कीवर्ड घालायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला ज्या शब्दांवर सर्चमध्ये वर यायचंय ते शब्द. म्हणून त्या काळात कमेंट करणाऱ्यांची नावं "स्वस्त कार इन्शुरन्स" वगैरे असायची.

गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्येच यावर उपाय काढला होता, नो-फॉलो. लिंकेला ही खूण असली की तिचं वजन मोजायचं नाही, आणि वर्डप्रेससारख्यांनी ती कमेंटमधल्या लिंकांना आपोआप लावून टाकली. म्हणजे इथून रात्रभर टाकलेल्या बहुतेक लिंका तशाही वायाच होत्या! तरी काम थांबलं नाही, कारण गिऱ्हाइकाला एक्सेलमध्ये आकडा दाखवायचा असतो. मग ज्यांनी ती खूण काढून टाकलीये अशा डू-फॉलो ब्लॉगांच्या याद्या फिरायला लागल्या, या याद्यासुद्धा विकत.

त्याच २००५ साली स्पॅम गाळणारं अकिस्मेत आलं, सॉफ्टवेअरच्या कमेंटी पटापट पकडल्या जायला लागल्या, शिवाय वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा होताच. म्हणून मग फ्रीलान्सिंगच्या साइटींवर कामं यायची त्यात मोठ्या अक्षरात असायचं, मॅन्युअल पाहिजे, सॉफ्टवेअर चालणार नाही. माणूस हवा होता, पोस्ट वाचून तिच्यावर दोन ओळी लिहिणारा. आणि सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त.

[रात्र. गिरणी बंद. पंखा. टेलिफोनची जुनी वायर अजून भिंतीवर.]

ही वायर बीएसएनएलची. पाचशेच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट अनलिमिटेड असायचं, बाकी वेळ मोजून. म्हणून शिफ्ट रात्री दोनची. शिवाय दिवसा भारनियमन, विदर्भात ते किती तास असायचं ते इथल्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात पंखा कागद उडवतो म्हणून वहीवर वजनमाप ठेवायचे, गिरणीतलंच.

एक्सेलमध्ये ब्लॉगचा पत्ता, कीवर्ड, तारीख आणि शेवटचा कॉलम, लाइव्ह की पेंडिंग. ब्लॉगवाल्याने कमेंट पास केली तर लाइव्ह. लाइव्हला एक रुपया, पेंडिंगला काही नाही. म्हणजे मेहनत इकडची आणि पगार ठरवणार तिकडे अमेरिकेत, ओहायोत कुत्र्यांवर ब्लॉग लिहिणाऱ्या बाई, त्यांनाही हे माहीत नाही.

मधली साखळी तर विचारूच नका. तिकडचा दातांचा डॉक्टर एजन्सीला पैसे देणार, एजन्सी इंटरनेटवर कंत्राट काढणार, ते घेणार मोठ्या शहरातलं एखादं ऑफिस, तिथून अकोल्यातला माणूस आणि त्याच्याकडून भाऊ. ऊसतोडीत मुकादम असतो, अगदी तसं. त्या ऑफिसात आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही, त्यामुळे ते इथे दिसणार नाही. पण स्पॅमर म्हणून शिवी कुणाला बसली? डॉक्टरला नाही.

काम कमी असलं की कॅप्चा. सॉफ्टवेअरला ओळखता न येणारी अक्षरं त्याच्यासाठी ओळखून नुसती टाइप करायची. भारत, बांगलादेश, चीन इथले लोक हे करतात अशी बातमी न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २०१० मध्ये दिली, दर हजार कॅप्चाला ८० सेंट ते १ डॉलर २० सेंट, म्हणजे तेव्हाचे ३५ ते ५५ रुपये. त्याच वर्षी सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक भारी युक्ती केली, कॅप्चाच्या चित्रात हिंदी, तमिळ, बंगाली, चिनी असे वेगवेगळ्या भाषांतले शब्द घातले, तुमच्याकडे किती वाजले असंही विचारलं, आणि उत्तरांवरून ही माणसं कुठे बसलीयेत त्याचा अंदाज घेतला.

[गिरणीच्या पट्ट्याचा शॉट. आवाज वाढतो.]

२४ एप्रिल २०१२ ला गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला, असल्या लिंका असलेल्या साइटी सर्चमध्ये खाली गेल्या, काम बंद झालं, दोन महिन्यांचे पैसे बुडाले, खोली सोडली.

म्हणजे एकदम बंद नाही झालं, हे भाऊंनी सांगितलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. काही महिन्यांनी त्याच मधल्या माणसाचा फोन आला, आता लिंका काढायच्यात. गिऱ्हाइकांना त्या नको झाल्या होत्या. मग त्याच एक्सेलवरून, त्याच ब्लॉगवाल्यांना ईमेल, कृपया आमची कमेंट डिलीट करा. त्या ईमेलचा मसुदाही वहीत आहे, शेवटून तिसरं पान. अक्षर ताईंचंच.

[दुकान. मोबाईलची स्क्रीन.]

निघण्याआधी आम्ही वहीतलं एक वाक्य जसंच्या तसं सर्च केलं, कुत्र्याच्या पानावरचं सातवं. तिसऱ्या निकालात सापडलं. कुत्र्याला आंघोळ कशी घालायची यावरची पोस्ट, मार्च २०११ ची. नावाच्या जागी पाण्याचे पाइप दुरुस्त करणारी कुठलीतरी कंपनी, लिंक दाबली तर पान उघडत नाही. आणि खाली ब्लॉगवाल्या बाईंचं उत्तर, तुमचा कुत्रा कसा आहे आता?

[भाऊ स्क्रीन वाचतायत. इथे निवेदन नाही.]