खुब्यापासून गुडघ्यापर्यंत : मांडीची बांधणी

बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव घेतले की जुन्या मराठी कुटुंबांना प्रा. माणिकराव आठवतात. शिस्तबद्ध संघव्यायामाचा प्रसार त्यांनी केलाच, शिवाय निखळलेले सांधे आणि मोडलेली हाडे बसवण्यासाठीही त्यांची ख्याती होती. ज्या शहरात व्यायामशिक्षक आणि हाडवैद्य एकाच व्यक्तीत नांदले, त्या शहरात कमरेखालच्या शरीररचनेची माहिती आखाड्यातून सुरू करणे योग्य ठरेल.

समजा, एका मुलाने मल्लखांबावर अढी घातली आहे. हात सुटलेले आहेत, डोके खाली आहे आणि सारे शरीर केवळ मांड्यांच्या पकडीवर तोलले गेले आहे. खांबाला एरंडेल चोळलेले असल्यामुळे तो निसरडा असतो, म्हणून ही पकड घर्षणावर विसंबून राहू शकत नाही. ती स्नायूंच्या जोरावरच टिकवावी लागते. हे काम मांडीच्या आतल्या बाजूचे पाच स्नायू करतात. जांघेच्या हाडापासून निघून त्यांतील चार मांडीच्या हाडाच्या मागील बाजूला चिकटतात, तर ग्रासिलिस नावाचा पाचवा, सडपातळ स्नायू मांडीच्या हाडावर न थांबता गुडघा ओलांडून नडगीच्या हाडाला जाऊन मिळतो. म्हणजे अढीत आवळला जाणारा हा स्नायू खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवर एकाच वेळी काम करतो.

मांडीत असे दुहेरी काम करणारे स्नायू आणखीही आहेत. मांडी घालून बसताना उपयोगी पडणारा सार्टोरियस हा शरीरातील सर्वांत लांब स्नायू कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो आणि मांडीवरून तिरपा उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोहोचतो. पुढच्या बाजूच्या चार स्नायूंपैकी एक, आणि मागच्या बाजूला ज्यांना खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात त्यांतील बहुतेक सर्व, हेही दोन्ही सांधे ओलांडतात. त्यामुळे गुडघा ताठ ठेवून पुढे वाकले की मांडीची मागची बाजू ताणली जाते आणि गुडघा थोडा दुमडताच तो ताण सैल पडतो. गुडघ्याकडे सुटा सांधा म्हणून पाहणे किती अपुरे आहे, हे एवढ्यावरूनही दिसते.

आता खुब्याकडे वळू. मांडीच्या हाडाचे गोल डोके, जे जवळजवळ दोन तृतीयांश गोलाकार असते, कमरेच्या हाडातील खोल उखळीत बसते. ही उखळ तीन हाडांच्या संगमाने बनते आणि किशोरवयात त्यांच्यामधील इंग्रजी वाय या अक्षराच्या आकाराच्या कूर्चेचे, म्हणजे हाडापेक्षा मऊ व लवचीक ऊतीचे, हाड झाले की ती एकसंध होते. सांध्याच्या पुढच्या बाजूला असलेला इलिओफेमोरल अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारा चिवट पट्टा) हा शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी एक मानला जातो. आपण सरळ उभे राहतो तेव्हा तो घट्ट होतो आणि धड मागे कलंडू देत नाही, म्हणून स्वस्थ उभे राहायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. खुब्याची दुबळी जागा मात्र डोक्याखालील मानेत आहे. प्रौढ माणसात ही मान हाडाच्या दांड्याशी साधारण 125 अंशांचा कोन करते, आणि डोक्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या याच मानेवरून वर चढतात. वृद्धापकाळी ठिसूळ झालेली मान पडल्यामुळे मोडली तर हाडाबरोबर हा रक्तपुरवठाही तुटू शकतो आणि डोके निर्जीव होऊ शकते. अशा अनेक रुग्णांचे हाड नुसते जोडण्याऐवजी कृत्रिम डोके बसवण्याचा निर्णय शल्यचिकित्सक घेतात, त्याचे कारण हे आहे.

एका पायावर उभे राहिल्यावर खुब्यावरील भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीनपट होतो. शरीराचे वजन सांध्यापासून दूर, आतल्या बाजूला पडत असते आणि ते तोलणारे नितंबाचे बाजूचे स्नायू सांध्याच्या पुष्कळ जवळून ओढतात. म्हणून त्यांना वजनाहून कितीतरी अधिक जोर लावावा लागतो आणि तो सारा जोर सांध्यावर दाबाच्या रूपाने येतो. हे स्नायू अशक्त असतील तर उचललेल्या पायाकडील कंबर खाली झुकते. जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये वर्णिलेली ही खूण तपासायला आजही कोणतेही यंत्र लागत नाही.

नवरात्रात बडोद्यातील गरब्याच्या मैदानावर हीच क्रिया रात्रभर चालते. प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर भार येतो आणि त्याच पायावर गिरकीही घेतली जाते. नितंबाचे स्नायू थकले की मांडी आत वळते, गुडघा दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो आणि पाऊल मात्र जमिनीवर रोवलेले राहते. पीळ पडतो तो मधल्या सांध्यात. येथे मांडीचे आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये मेनिस्कस नावाच्या दोन कूर्चेच्या चकत्या असतात. आतली अर्धचंद्राकार असून ती आतल्या बाजूच्या अस्थिबंधाला चिकटलेली असते. बाहेरची जवळजवळ गोल असून ती अधिक मोकळेपणाने सरकू शकते. पीळ बसताना सरकून स्वतःला वाचवण्याची मुभा आतल्या चकतीला कमी असल्यामुळे तीच अधिक वेळा फाटते. चकतीच्या केवळ बाहेरील कडेला रक्तपुरवठा असल्याने आतील भागातली चीर सहसा आपोआप भरून येत नाही. गरब्यातली गिरकी सोडा, असे सांगण्याचा येथे हेतू नाही, आणि सांगून बडोद्यात कोणी ऐकणारही नाही. परंतु त्याआधीच्या महिन्यांत नितंबाच्या स्नायूंची तयारी करणे शहाणपणाचे आहे, कारण गुडघ्याचे पुष्कळसे रक्षण वरूनच होते.

गुडघा सरळ होतानाची एक हालचाल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पाय जमिनीवर टेकलेला असताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड स्वतःभोवती किंचित आत फिरते आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. हे कुलूप उघडण्याचे काम गुडघ्याच्या मागे दडलेला पॉप्लिटियस हा छोटा स्नायू मांडीचे हाड बाहेर फिरवून करतो.

पावागडावर पायऱ्यांनी जाणारे बडोदेकर चढताना दमतात आणि उतरताना गुडघ्यांची तक्रार करतात. उतरताना मांडीच्या पुढचे चार स्नायू आकुंचित असतानाच लांबत जातात आणि शरीराचा वेग आवरतात. हा ताण गुडघ्याच्या वाटीवरून खाली जातो. वाटीमुळे स्नायूंची ओढ सांध्याच्या आसापासून दूर राहते व त्यांना अधिक तरफ मिळते. त्याबदली गुडघा दुमडलेला असताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. म्हणूनच वाटीच्या मागची कूर्चा शरीरातील सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे. बैठका मारतानाही दाब याच जागी येतो, म्हणून नवशिक्याने एकदम पूर्ण खाली बसण्याऐवजी खोली हळूहळू वाढवावी.

या सर्वांत रुग्णाला सर्वाधिक चकवणारी गोष्ट मज्जातंतूंची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी दाखवून दिले की, जो मज्जातंतू सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जातो, तोच त्या सांध्यालाही शाखा देतो. मांडीच्या आतल्या स्नायूंना जाणारा ऑब्ट्युरेटर मज्जातंतू खुब्याला शाखा देतो आणि गुडघ्यापर्यंतही पोहोचतो. पुढच्या स्नायूंच्या फेमोरल मज्जातंतूचेही तसेच आहे. परिणामी खुब्यात बिघाड असताना वेदना गुडघ्यात जाणवू शकते, आणि रुग्ण बोट ठेवतो त्या ठिकाणी तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही.

दहा ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये, विशेषतः वजन अधिक असलेल्यांमध्ये, ही चूक महागात पडते. या वयात मांडीच्या हाडाच्या डोक्याखालील वाढीची पट्टी अजून कूर्चेची असते आणि तेथून डोके मानेवरून घसरू शकते. मुलगा लंगडतो, गुडघा दुखतो म्हणतो, आणि गुडघ्याचा एक्स-रे मात्र निर्दोष येतो. त्याला उताणे झोपवून खुबा दुमडल्यास मांडी आपोआप बाहेर वळत असेल, तर खुब्याचे दोन बाजूंनी एक्स-रे त्याच दिवशी काढायला हवेत. निदान होताच त्या पायावर भार देणे थांबवले जाते आणि शस्त्रक्रियेने स्क्रू बसवून डोके आहे त्याच जागी स्थिर करता येते. गुडघ्याला मलम चोळण्यात आठवडे गेले तर घसरण वाढत जाते आणि डोक्याचा रक्तपुरवठाही धोक्यात येतो.