वरिष्ठच फितूर झाले तर: कप्तानाचा हिशोब

नमस्कार मंडळी. अंतराळयानाच्या कप्तानाला एक दिवस कळतं की आपले जुने, जिवाभावाचे वरिष्ठ अधिकारी आतून बदललेत, परग्रहावरचं काहीतरी त्यांच्यात शिरलंय. अशा वेळी त्यानं काय करावं? किती प्रामाणिक माणसं हाताशी असली तर यान वाचतं, याचा एक गणिती नियम आहे, आणि तो सांगायचं मी कबूल केलंय. पण नाशिकात या विषयावर बोलायचं आणि पंचवटीचं नाव काढायचं नाही, हे मला जमणार नाही.

मारीचाची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. फक्त एका जागी थांबा. बाण लागल्यावर तो रामाच्या आवाजात ओरडतो, ‘हा सीते, हा लक्ष्मणा!’ आवाज हुबेहूब. सीतेला खात्री पटते, लक्ष्मणाला पटत नाही. त्याचं कान देऊन ऐकण्यात काही कमी पडलं म्हणून नव्हे. रामाचं सामर्थ्य त्याला माहीत आहे, राम असा टाहो फोडणार नाही हेही माहीत आहे. म्हणजे आवाज कोणाचा यापेक्षा मागणी काय आहे, हे तो तपासतो. त्याचं निदान अचूक होतं. तरीही त्याला जावं लागलं, कारण त्याला दुजोरा देणारं तिसरं माणूस पर्णकुटीत नव्हतं. हे तिसरं माणूस लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

आता यानाकडे. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा ‘कॉन्स्पिरसी’ हा भाग मे १९८८ मध्ये प्रसारित झाला. समोर बसलेल्या तरुण मंडळींनी तो पाहिलेला दिसतोय, माना हलताहेत. कप्तान पिकार्डला त्याचा जुना मित्र वॉकर कील गुप्त संदेश पाठवून एका ओसाड खाणीच्या ग्रहावर बोलावतो. भेटल्यावर कील पहिलं काम कोणतं करतो? चुकीचा प्रश्न विचारतो. ‘तू जॅक आणि बेव्हर्लीची ओळख करून दिलीस ती रात्र आठवते?’ पिकार्ड म्हणतो, ओळख तर तूच करून दिलीस. कील म्हणतो, माझ्या भावानं. पिकार्ड चिडतो: तुला भाऊच नाही, दोन बहिणी आहेत.

ही उत्तम पद्धत आहे, आणि तिचे नियम नेमके आहेत. प्रश्नातच खोटी गोष्ट पेरायची. ती सेवापुस्तकात किंवा कुठल्याही नोंदीत सापडणारी नसावी. बोलण्याच्या ओघात विचारायची, परीक्षा घेतोय असं जाणवू द्यायचं नाही. बरोबर उत्तर म्हणजे होकार नव्हे, दुरुस्ती. आणि एक प्रश्न एकदाच वापरायचा, कारण दुसऱ्यांदा तो कोणाच्या तरी कानावर गेलेला असतो. तरीही एक भोक राहतं: शिरलेल्या जिवाच्या हाती त्या माणसाची स्मृतीही लागली, तर बहिणींची संख्या तोही बरोबर सांगेल.

पुढे कथेत बाधितांच्या मानेवर मागच्या बाजूला एक निळसर कल्ला दिसतो, माशाला असतो तसा. ज्याच्या मानेवर कल्ला, तो बाधित. माझी खरी तक्रार इथे आहे, आणि ती या एका भागापुरती नाही. घुसखोरीच्या गोष्टींना अशी एक शारीरिक खूण फार प्रिय असते. खूण सापडली की कप्तानाची विचार करायची जबाबदारीच संपते. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. सीआयएचा ऑल्ड्रिच एम्स १९८५ पासून सोव्हिएतांना माहिती विकत होता. त्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रावर १९८६ आणि १९९१ मध्ये बसवलं, आणि दोन्ही वेळा तो पास झाला. पकडला गेला १९९४ मध्ये. त्या मधल्या वर्षांत ‘दोनदा तपासलाय’ हा शेराच त्याचं कवच होता. चुकणारी खूण खूण नसण्याहून घातक, कारण ती शत्रूला प्रमाणपत्र देते. शिवाय त्याच कथेत पिकार्डचा उपकप्तान रायकर खोटा कल्ला लावून शत्रूच्या गोटात जातो. जी खूण आपल्याला खोटी लावता येते, ती शत्रूला पुसता येणार नाही का?

तपास करणाऱ्याचा प्रश्न त्याहून बिकट. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन १९७९ पासून फितूर. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात खात्यातला फितूर शोधण्यासाठी जुन्या प्रकरणांचा अभ्यास करायचं काम कोणाला दिलं? हॅन्सनलाच. अटक झाली फेब्रुवारी २००१ मध्ये. मालिकेतही तेच आहे. पिकार्डच्या यानाची कसून चौकशी करायला आधीच्या एका भागात आलेला रेमिक, शेवटी त्या जिवांचा मुख्य जीव त्याच्याच अंगात निघतो. म्हणून चौकशी एका माणसाकडे, एका खोलीत, एका कुलपात कधीच ठेवायची नाही.

कौटिल्यानं हे ओळखलं होतं. अमात्यांच्या परीक्षेला त्यानं एक यंत्र पुरेसं मानलं नाही, चार उपधा, म्हणजे गुप्त कसोट्या, सांगितल्या: धर्म, अर्थ, काम आणि भय. बडतर्फ झाल्याचं नाटक करणारा पुरोहित राजाविरुद्ध चिथावतो, तसाच सेनापती पैशाचं आमिष दाखवतो, अंतःपुरातली विश्वासू परिव्राजिका राणीचा निरोप आणते, आणि चौथ्या वेळी अमात्यांना एकत्र कोंडून तिथे आधीच बसवलेला कपटी छात्र त्यांना उठाव करायला सांगतो. गंमत निकालात आहे. अर्थाच्या परीक्षेत उतरला तो खजिन्याच्या कामावर, धर्माच्या परीक्षेत उतरला तो न्यायाच्या कामावर, चारही उतरला तोच मंत्री. म्हणजे ‘विश्वासू’ असा सरसकट शिक्का नाहीच. कोणत्या कामापुरता विश्वासू, ते ठरवायचं. आणि या परीक्षांत राजाला किंवा राणीला लक्ष्य करू नये, शुद्ध माणूस परीक्षेनंच बिघडू शकतो, असा इशाराही तो देतो. संशयानं पछाडलेल्या प्रत्येक कप्तानानं तो केबिनमध्ये लावावा.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मग मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

पिकार्डच्या बाजूनं खरं काम केलं ते डेटानं, म्हणजे त्याच्या यानावरच्या यंत्रमानव अधिकाऱ्यानं. त्यानं मुख्यालयाचे मागच्या सहा महिन्यांचे हुकूम चाळले आणि बदल्यांमधली रचना शोधली. कप्तानानं पहिल्या तासात हेच करावं. चार रकाने आखायचे: कोण हटलं, कोण आलं, नाव कोणी सुचवलं, सही कोणाची. सुचवणारे आणि सही करणारे तेच तेच हात दिसले की चेहरे पाहायची गरज नाही. तोवर नव्या बदल्या थांबवायच्या आणि संशय कोणालाही बोलून दाखवायचा नाही.

आता तिसरं माणूस. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ या संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे गणित मांडलं. कप्तान, उपकप्तान आणि यंत्रप्रमुख असे तिघं आहेत, त्यांत एक फितूर. उपकप्तानाला कप्तान सांगतो ‘थांबा’. यंत्रप्रमुख म्हणतो, ‘मला तर निघा म्हणाले’. यंत्रप्रमुख खोटं बोलतोय, की कप्तानानंच दोघांना वेगळं सांगितलं? उपकप्तानाला दोन्ही वेळा ऐकू येतं ते अगदी सारखंच, त्यामुळे त्याला ते कधीच कळणार नाही. चौथा माणूस आला की सुटका होते. कप्तानाकडून ऐकलेलं तिघांनी एकमेकांना सांगायचं, प्रत्येकाकडे तीन साक्षी होतात, बहुमत घ्यायचं. नियम असा: फितूर जितके, त्याच्या तिप्पट अधिक एक माणसं हवीत. एकाला चार, दोघांना सात, तिघांना दहा. निरोपांच्या फेऱ्या फितुरांपेक्षा एक जास्त.

खोटी करता न येणारी सही असेल तर एका फितुराला तिघंही पुरतात, कारण कप्तानाच्या सहीचे दोन वेगळे हुकूम समोरासमोर आले की तोच उघडा पडतो. पण जीव अंगात शिरला असेल तर अंगठा, डोळा, आवाज सगळं त्याचंच. म्हणून सहीची किल्ली दोघांत वाटलेली असावी. अमेरिकी क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणकक्षात दोन किल्ल्या लावायच्या जागा एका माणसाचे हात पोचणार नाहीत इतक्या दूर ठेवतात, ते याचसाठी.

शेवटचं, मग प्रश्न घेऊ. या गणनेत कप्तान स्वतःही धरलेला आहे, त्याला सूट नाही. आणि चार माणसं मोजताना ती चार स्वतंत्र आहेत का, ते पाहायचं. एकाच टेबलावरून नेमलेले चौघं या हिशोबात एकच भरतात. डेटा यंत्रमानव असल्यानं त्याच्या मानेत काही शिरणार नाही, हे खरं. पण त्याची दुरुस्ती ज्याच्या हाती, तो यंत्रप्रमुख संशयित असेल तर यंत्रप्रमुख आणि डेटा मिळून एकच मत धरायचं, आणि चौथं माणूस दुसरीकडून शोधायचं.