कट्ट्यावरून पहिला कोण उठतो

(सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीचे मुलगे आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेलं व्याख्यान. वक्ते निवृत्त गणित शिक्षक.)

पोरांनो, आधी तुम्हालाच विचारतो. काल संध्याकाळी कट्ट्यावर बसला होतात ना? मग तिथून सगळ्यांत आधी कोण उठलं? हात वर करा.

दोन हात. एवढ्या भरलेल्या हॉलमध्ये दोनच. बरं, आता दुसरा प्रश्न. घरी जावं असं मनात आलं होतं, उद्याचा पेपर आठवत होता, पण कुणीच उठेना म्हणून बसून राहिलो, असे किती जण? खरं सांगा, इथं कुणी रागावणार नाही.

पालकहो, जरा मागं वळून बघा. हे हात बघा.

कट्ट्यावर दहा जण बसलेले असतात. त्यातल्या सात-आठ जणांना मनातून घरी जायचं असतं. आणि दहाच्या दहा नऊ वाजेपर्यंत तिथंच असतात, कारण प्रत्येकाला वाटतं की बाकीच्यांना बसायचंय. मी तीस वर्षं याच भागात गणित शिकवलं आणि एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं. आपण 'वेळेचं नियोजन नाही' आणि 'संगत बरी नाही' ही दोन वेगळी दुखणी धरतो. पहिल्यासाठी भिंतीवर टाइमटेबल चिकटवतो आणि दुसऱ्यासाठी पोराला बोल लावतो. मला तरी दुखणं एकच दिसतं. मुलाची संध्याकाळ आळसात थोडी जाते, उठता न येण्यात फार जाते. "काय करलालास बे? ये की खाली, पाच मिनिटं!" या हाकेला 'नको' म्हणता आलं, तर निम्मं टाइमटेबल तिथंच झालं.

आता हे उठणं इतकं अवघड का, ते सांगतो. 2005 साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी एक प्रयोग केला. 306 जणांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की आणखी पुढं दामटायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. काही जण एकट्यानं खेळले, काही जण दोस्त शेजारी बसलेले असताना. चोविशीच्या पुढची माणसं दोन्ही प्रकारे सारखीच खेळली. तेरा ते सोळा वयाच्या मुलांनी मात्र मित्र बघत असताना, एकट्यानं खेळणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. त्याच वयाची मुलं, तोच खेळ, नियमही तेच. फरक एवढाच की मित्र बघत होते.

या वयात मेंदूतला आनंदाचा, बक्षिसाचा भाग जोरात असतो, आणि 'थांब, विचार कर' म्हणणारा कपाळामागचा भाग विशी उलटून जाईपर्यंत घडतच असतो. म्हणून घरात तुमच्यासमोर शहाण्यासारखं बोलणारा मुलगा संध्याकाळी तीन सीट बसून होटगी रोडला गाडी पळवतो. तो तुमच्याशी खोटं बोललेला नसतो. घरात बोलला तेव्हा ते त्याच्या मनातूनच आलेलं असतं.

गाडीचा विषय निघालाच आहे तर वडिलांना एक गोष्ट सांगून टाकतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. किल्ली खिळ्यावर लटकवून 'नेऊ नको' म्हणण्यात अर्थ नाही. किल्ली खिशात ठेवा.

'त्या पोरांची संगत सोड' हे वाक्य मीही वर्गात शेकडो वेळा बोललो. ते बोलायला नको होतं, असं आज मला मनापासून वाटतं. चौदाव्या वर्षी दोस्त ही चैन नसते. त्या वयात त्याला त्यांची गरज असते. घरात दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत माग खडखडतोय, आई सुपात विड्यांचं पान घेऊन बसलेली, धाकटी भावंडं. त्याला 'तू' म्हणून ओळखणारी जागा कट्टाच असते. ती सोड म्हटलं की तो सोडत नाही, फक्त तुम्हाला सांगणं सोडतो. आणि हीच दोस्तमंडळी चांगलंही काय काय करून घेते! सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी नंदीध्वजाचा, त्या उंच जड काठीचा, सराव बघितलाय ना? तो पेलणारा एकटा दिसतो, पण भोवती किती जण डोळ्यांत तेल घालून चालत असतात. तोल जातोय असं दिसलं की हात पुढं येतात. असा हात पुढं करणारा एक तरी मित्र आपल्या पोराला आहे का, याची चौकशी करा. बाकीचे आठ जण कसे आहेत, ते नंतर बघू.

एक, फक्त एक. मी एकावर का अडलोय, त्याला कारण आहे. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1951 साली एक साधा प्रयोग मांडला. कागदावर रेघा, त्यातली कुठली समोरच्या रेघेएवढी, ते सांगायचं. पहिलीतलं पोरही सांगेल असं. पण खरा उमेदवार एकच, खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवून आलेले, आणि ते मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. डोळ्यांना खरं दिसत असूनही खऱ्या उमेदवारांची 100 पैकी सुमारे 37 उत्तरं त्या टोळक्यासारखी चुकीची आली. मग ॲशनं त्या टोळक्यात एकच माणूस असा बसवला की जो खरं उत्तर देईल. तेवढ्यानं चुका साधारण पाव हिश्श्यावर आल्या.

हे वाचलं तेव्हा मला माझी विहीर आठवली. मी नववीत होतो. उन्हाळ्याची सुट्टी, मामाचं गाव, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. दुपारी सगळी पोरं विहिरीवर. मला पायरीजवळ हातपाय मारता येत होते, एवढंच. पोरं काठावरून सूर मारत होती आणि माझ्या नावानं ओरडत होती. मी काठावर गेलो, खाली बघितलं, पाय लटपटत होते आणि तरीही मी उडी मारणार होतो. मागं फिरायची हिंमत नव्हती म्हणून मारणार होतो. तेवढ्यात शेजारचा एक पोरगा म्हणाला, "मी पण नाय मारत. चल, पायरीनं उतरू." आम्ही दोघं पायरीनं उतरलो. पोरं दोन मिनिटं हसली, आणि मग विसरून गेली. पंचेचाळीस वर्षं झाली, ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पोरांनो, 'मी पण' हे शब्द लक्षात ठेवा. पहिला उठणाऱ्याला धाडस लागतं, ते सगळ्यांकडं नसतं, मान्य. पण पहिला उठल्यावर "थांब, मी पण आलो" म्हणायला फार धाडस लागत नाही. तंबाखूचा पहिला मावा कुणी विकत घेऊन खात नाही, तो मित्रच हातावर ठेवतो. तिथं कुणीतरी 'नको' म्हणालं की लगेच 'मला पण नको' म्हणा. त्या पोरावर तुमचे केवढे उपकार होतील, ते तुम्हाला कदाचित कधीच कळणार नाही.

आणि वाक्य घरातून तयार करून न्या. ऐन वेळी सुचत नाही, भाषण पाठ करतो तसं पाठच करा. पीटर गोलविट्झर नावाच्या अभ्यासकानं 1999 मध्ये हे नीट मांडलंय: 'अभ्यास करीन' असं नुसतं ठरवण्यापेक्षा 'अमुक झालं, तर मी तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त पार पडतं. 'साडेसातचा भोंगा झाला की उभा राहीन आणि म्हणेन, बसा तुम्ही, मी निघतो.' बस्स. कारण द्यायची गरज नाही. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो. द्यायचंच असेल तर आपल्या गावात कारणांना तोटा नाही. नळाला पाणी रोज येत नाही, पाणी भरायला जायचंय म्हटलं की कुणी हसत नाही.

पालकांनो, तुमचं नावही त्याला उसनं द्या. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील मागावर कामाला. शिक्षण फार नव्हतं, पण बापलेकानं एक खूण ठरवली होती. पोरगा कुठं अडकला, निघता येईना, की घरी फोन करून विचारायचा, "आजी आली का?" वडील म्हणायचे, "आली, लगेच ये." जोरात म्हणायचे, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. पोरगा तोंड वाकडं करून सुटायचा. आणि घरी आल्यावर त्या रात्री वडील एक शब्द विचारायचे नाहीत. ही शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची आहे. त्याच रात्री उलटतपासणी घेतलीत, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

आता घड्याळाकडं येतो. आयांनो, हजार विड्या वळायला तुम्हाला किती वेळ लागतो, हे तुम्हाला कुणी विचारलं तर झोपेतून उठून सांगाल. पान भिजवायला किती, कापायला किती, सण असला तर किती कमी होतील, सगळं ठाऊक. कारण मजुरी हजारावर मिळते. पण तुमच्या मुलाला विचारा, भूमितीच्या एका सरावसंचाला किती वेळ लागतो. त्याला माहीत नसतं. त्यानं कधी मोजलेलंच नसतं, आणि तरी तो रविवारी चार धड्यांचं टाइमटेबल लिहितो. ते मोडणारच.

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. कॅनडात 1994 साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर 34 दिवस. प्रत्यक्षात लागले 55. शिकलेसवरलेले ते, त्यांचंही असं. म्हणून माझं सांगणं, आधी आठवडाभर टाइमटेबल करूच नका. नुसतं मोजा. वहीच्या मागच्या पानावर कामाचं नाव, 'किती लागेल' आणि 'किती लागला', अशा तीन रकान्यांत लिहा. आई पान घेऊन बसली की तुम्ही वही घेऊन शेजारी बसा. तिला विचारा, कसं मोजतेस? वेळ मोजायची शिकवणी लावायची गरज नाही, ती घरातच आहे. आठवड्यानं जो आकडा हाती येईल, त्यावर टाइमटेबल बेता, आणि त्यात पाणी भरायचा वेळ, दुकानात बसायचा वेळ आणि कट्टासुद्धा लिहा. हो, कट्टा लिहाच. सात ते साडेसात. न लिहिलेला कट्टा रात्रीपर्यंत पसरतो.

फोनवरच्या ग्रुपचं काय, असं मघाशी एकानं चिठ्ठीवर विचारलंय. तो रात्रीचा कट्टा आहे, आणि तिथून उठणं आणखी अवघड, कारण आई झोपलेली असते आणि साडेसातचा भोंगाही नसतो. फोन रात्री बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचा, वडिलांचाही. आणि वडिलांना विनंती, पोराला पहाटे चारला उठवू नका. या वयात शरीराला झोपच उशिरा येते, दीड-दोन तास उशिरा, हा हट्ट नसतो. तेरा ते अठरा वयाला 8 ते 10 तास झोप लागते. बाराला झोपून चारला उठलेला मुलगा पुस्तकासमोर बसतो, पण वाचत नाही.

एक शेवटचं, आणि हे जरा जड आहे. काही मुलांचा प्रश्न 'उठता येत नाही' एवढ्यावर राहिलेला नसतो. पैसे उसने घेतलेत, कुणी फोटो दाखवून धमकावतंय, मारहाण होतेय. तिथं पाठ केलेलं वाक्य पुरणार नाही, आणि 'मी पण' म्हणणारा दोस्तही पुरणार नाही. तिथं मोठं माणूस लागतं. घरी सांगता येत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, आणि मन फार खचलं असेल तर 14416. दोन्हीला पैसे पडत नाहीत. नंबर फळ्यावर लिहून ठेवलेत, उतरून घ्या. आणि मी खाली वाचनालयात अर्धा तास बसतोय. एकट्यानं यायला नको वाटत असेल तर दोघं या.