भुंगेऱ्याच्या पोटातलं ॲसिड

नमस्कार मंडळी! दगड उचलला की खालून एखादा काळा, लांब पायांचा भुंगेरा सुसाट पळत सुटतो, बघितलाच असेल तुम्ही. तो बऱ्याचदा ग्राउंड बीटल असतो, कॅराबिडी फॅमिलीतला, या फॅमिलीत जवळपास 40,000 जाती आहेत. पळण्यात एकदम तरबेज, पण उडण्यात बरेचजण यथातथाच, काहींना तर उडताच येत नाही, मग बेडूक नाहीतर मुंग्या अंगावर आल्या की करायचं काय? तर मागून फवारा मारायचा!

चार्ल्स डार्विनलासुद्धा याचा प्रसाद मिळालाय. केंब्रिजला शिकताना दोन्ही हातात एकेक भुंगेरा, तेवढ्यात तिसरा दिसला, म्हणून पठ्ठ्याने हातातला एक सरळ तोंडात धरला. त्याने असं काही जळजळीत सोडलं की थुंकावाच लागला, आणि वर तिसराही निसटला.

आता मला विचाराल तर यात केमिकलपेक्षा पाइपलाइन जास्त भारी आहे. पोटाच्या मागच्या टोकाला डावी-उजवीकडे एकेक ग्रंथी असते, पायजिडियल ग्लँड म्हणतात तिला. आत बारीक बारीक गोळ्यांचा, द्राक्षाच्या घडासारखा झुपका असतो, तिथल्या पेशी द्रव बनवतात, प्रत्येक पेशीची स्वतःची केसाहून बारीक नळी, त्या सगळ्या एका मोठ्या नळीत उघडतात आणि ती नळी जाते पिशवीत. पिशवीभोवती स्नायू, ते आवळले की माल बाहेर. आणि पिशवीला, नळ्यांना आतून क्युटिकलचं अस्तर असतं, म्हणजे बाहेरच्या कवचाचंच मटेरियल, म्हणून तर स्वतःचं ॲसिड स्वतःला बाधत नाही.

माल प्रत्येकाचा वेगळा. कॅराबस गटातल्या मंडळींकडे मेथॅक्रिलिक ॲसिड, कॅलोसोमा गटाकडे सॅलिसिलाल्डिहाइड, आणि भरपूर जातींकडे फॉर्मिक ॲसिड. गॅलेरिटा लेकाँटेई नावाच्या जातीत तर ते 80 टक्के निघालं! पण नुसतं ॲसिड मेणचट किड्याच्या अंगावरून ओघळून जाईल ना, म्हणून बऱ्याच जाती सोबत अनडेकेनसारखं तेलकट हायड्रोकार्बन सोडतात, त्याने ॲसिड पसरतं आणि आत मुरतं. डोकं बघा!

याच फॅमिलीतल्या बॉम्बार्डियर बीटलची तर गोष्टच न्यारी. त्याच्या पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्रच असतात, तरी काही होत नाही, कारण एन्झाइम्स पुढच्या वेगळ्या खोलीत आहेत, जाड भिंतींच्या. मधली झडप उघडली, द्रव तिथे गेला की भडका, तापमान 100 डिग्रीच्या आसपास, ऑक्सिजनच्या प्रेशरने हायड्रोक्विनोनपासून बनलेलं उकळतं, जळजळीत क्विनोन बाहेर. आणि ही सलग धार नसते बरं का, सेकंदाला साधारण 500 झटके असतात. 2015 मध्ये जिवंत भुंगेऱ्याच्या आत एक्स-रेने बघितलं तेव्हा दिसलं की स्फोटाच्या दाबानेच झडप बंद होते, दाब ओसरला की परत उघडते, म्हणजे प्रत्येक झटक्याला वेगळा स्नायू हलवायची गरजच नाही.

जपानमध्ये 2018 साली असे बॉम्बार्डियर बीटल भेकांना (टोड) खाऊ घातले. भेकाने गिळल्यावर पोटातून फटफट आवाज यायचा, आणि 43 टक्के भेकांनी ते ओकून टाकले, गिळल्यानंतर 12 ते 107 मिनिटांत. ओकलेले सगळे बीटल जिवंत! ज्यांचा फवारा आधीच संपवून टाकला होता ते मात्र जवळपास सगळे पचले.