तळव्याखालचं शहर

(दृश्य: पिवळ्या दिव्यांखाली रिकामा रस्ता. कॅमेरा जमिनीलगत. समोरून दोन पावलं येताहेत.)

आधी आवाज ऐका. बुटांची धपधप नाही. हलकी टपटप, तीही पावलं अगदी जवळ आल्यावरच कानावर पडते.

पहाटेचे पावणेपाच. शहर अजून झोपलेलं आहे असं म्हणायची आपल्याला सवय असते. पण झाडूवाले केव्हाच कामाला लागलेत, मालाचे ट्रक रिकामे होताहेत, वरच्या मजल्यांवर दिवे लागताहेत. झोपलीय ती फक्त वाहतूक. तेवढ्या वेळापुरता रस्ता पायांना मिळतो, आणि ही बाई तो पुरेपूर वापरून घेते.

ती एकटी धावते, अनवाणी. सोबत गट नाही. कानात गाणी नाहीत, कारण मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी. कमरेच्या पट्ट्यात घराची किल्ली, फोन आणि एक चिमटा.

(दृश्य: कमरेचा दिवा. समोर पडलेला उजेड, त्यात खड्यांच्या लांब सावल्या.)

दिवा कमरेला आहे, कपाळावर नाही. कपाळावरचा दिवा वरून उजेड टाकतो, त्यामुळे खडा आणि रस्ता एकाच पातळीत दिसतात. दिवा खाली आणला की प्रत्येक खड्याची सावली लांब पडते आणि तो चार पावलं आधीच कळतो. अशा युक्त्या कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

(दृश्य: तळव्याचा क्लोजअप, स्थिर.)

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलं आहे. तळवा नीट बघा. इथल्या कातडीवर केस नाहीत, तेलग्रंथी नाहीत, घामाच्या ग्रंथी मात्र भरपूर. चवड्यावर आणि टाचेच्या कडेनं पिवळसर, गुळगुळीत घट्टे. भेगा फारशा नाहीत.

घट्टा पडला की पाय बधिर होतो, असं आपण धरून चालतो. केनियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचे तळवे तपासून 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाला तसं आढळलं नाही. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण तळव्याची जाणीव त्यामुळे कमी झालेली नव्हती. घट्टा कडक असतो, त्यामुळे खालचा दाब आणि कंप तो आतल्या चेतातंतूंपर्यंत पोहोचवतो. बुटाचा मऊ सोल नेमकं हेच अडवतो. म्हणजे घट्टा संरक्षण देतो आणि वर बातमीही देतो.

आतली रचना बघा. एका पावलात 26 हाडं, दोन्ही मिळून 52. अख्ख्या शरीरात 206. आपल्या हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखाली आहे, आणि तो आपण दिवसभर लेसनं आवळून ठेवतो.

(दृश्य: संथगती. उजवं पाऊल खाली येतं.)

आता हे पाऊल टेकताना बघा. आधी चवड्याची बाहेरची कड. मग पूर्ण चवडा. कमान किंचित दबते, टाच अलगद खाली येऊन रस्त्याला लागते न लागते, आणि पाऊल उचललं जातं. गुडघा वाकलेला, पाऊल शरीराच्या बरोबर खाली, फार पुढे फेकलेलं नाही. संकलन करताना आम्ही मोजलं: मिनिटाला 180 च्या आसपास पावलं. छोटी आणि भराभर.

धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो. पाऊल टाचेवर आदळलं तर त्या जोराचा एक तीव्र झटका सुरुवातीलाच बसतो. चवड्यावर टेकलं तर तो झटका जवळपास नाहीसा होतो, कारण घोटा आणि पोटरी भार झेलत झेलत खाली येतात. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली हे मोजून मांडलं, आणि अनवाणी धावणं ही विक्षिप्तांची हौस न राहता प्रयोगशाळेचा विषय झालं. टाचेखाली जाड उशी असलेले बूट धावणाऱ्यांमध्ये रुळले ते 1970 च्या दशकात. माणूस त्याआधीही धावत होताच.

सगळेच अनवाणी धावणारे चवड्यावर उतरतात असं मात्र नाही. उत्तर केनियातले दासानाच लोक जन्मभर अनवाणी वावरतात, आणि बेताच्या वेगात धावताना त्यांच्यातले बहुतेक जण टाचच आधी टेकवतात, असं 2013 च्या एका अभ्यासात दिसलं. पण कडक डांबरावर, या वेगात, टाच आपटून बघा. दुसऱ्या पावलाला पाय स्वतःच बदल करतो. तिला कोणी शिकवलेलं नाही.

(दृश्य: सायकलवरून चित्रित, कॅमेरा हादरतो. रस्ता खडबडीत.)

इथे चित्र हलतंय. सायकलवरून धरलेला कॅमेरा आहे, आणि डांबर झिजून खडी वर आली आहे. दृश्य तरीही ठेवलं, कारण रस्ता कसा आहे ते चाकालाही कळलं. तिनं वेग कमी केलाय, पावलं आणखी छोटी केलीत, हात थोडे बाजूला. ती कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर चढते. पट्टा गुळगुळीत असतो, रंगाच्या थरानं खडीची टोकं बुजलेली असतात. त्या रंगात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात, गाडीच्या दिव्यात पट्टा चमकावा म्हणून. कोरड्या पहाटे या पट्ट्यासारखी वाट नाही. ओला असला की तोच घसरतो.

नवशिके हिरवळ शोधतात. अनुभवी माणसं सांगतात, कडक पण गुळगुळीत काँक्रीटवर सुरुवात करा. हिरवळ काच लपवते, शिवाय चुकीचं पाऊलही माफ करते. काँक्रीट माफ करत नाही, म्हणून पाय लवकर शिकतो.

(दृश्य: मॅनहोलचं लोखंडी झाकण. पाऊल त्यावरून जातं.)

झाकण गार लागतं. खरं तर त्याचं तापमान शेजारच्या काँक्रीटएवढंच असेल, पण लोखंड तळव्याची ऊब भराभर ओढून घेतं. पुढच्या डांबरात मात्र कालच्या उन्हाची धग थोडी शिल्लक आहे. डांबर दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर सोडत राहतं, सर्वांत निवतं ते उजाडायच्या सुमारास. पहाट निवडण्यामागे हेही एक कारण आहे. दुपारी याच रस्त्यावर तळव्याला फोड येतील.

(दृश्य: फुटपाथ. पिवळ्या फरशांची ओळ, वरून.)

आता या फरशा. काहींवर लांब उंचवटे, काहींवर गोल. आपण त्यांवरून रोज जातो, बहुतेकांना त्या शोभेच्या वाटतात. जपानमध्ये सेइची मियाके यांनी त्या तयार केल्या, आणि 1967 साली ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब उंचवटे म्हणजे पुढे चला. गोल म्हणजे थांबा, पुढे रस्ता आहे किंवा पायरी आहे.

शहराच्या सगळ्या जमिनीत तळव्यानं वाचायची म्हणून घडवलेली जागा एवढी एकच. बाकी सगळं चाकांसाठी. उतार चाकांसाठी, वळणं चाकांसाठी, आणि फुटपाथ म्हणजे चाकांना जागा देऊन उरलेली पट्टी. बघा, ओळ सरळ जाते, सरळ जाते, आणि विजेच्या खांबापाशी संपते. खांब बरोबर ओळीच्या मधोमध. डोळस बाईनं वळसा घातला. ज्यांच्यासाठी ओळ आहे, त्यांनी काय करायचं?

(दृश्य: उड्डाणपूल. लांबून, दिव्यांच्या दोन रांगा, मधून एकच आकृती. बराच वेळ.)

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की अबेबे बिकिला यांचं नाव येतंच. आणि आमच्याकडे हे दृश्य एवढं लांब आहे की त्यांची गोष्ट नीट सांगता येईल.

10 सप्टेंबर 1960. रोमचं ऑलिंपिक. मॅरेथॉन दिवस कलताना सुरू झाली आणि अंधारात संपली. जुन्या ॲपियन मार्गावर सैनिक मशाली धरून उभे होते. इथिओपियाच्या शाही रक्षक दलातला हा शिपाई बाहेरच्या जगाला जवळजवळ अनोळखी. मिळालेले बूट पायाला नीट बसेनात, आणि सराव तर अनवाणी झालेलाच होता. ते तसेच धावले. शेवटच्या टप्प्यात वाटेत ॲक्सुमचा स्तंभ लागला. तो त्यांच्याच देशातून मुसोलिनीच्या सैन्यानं उचलून रोममध्ये आणून उभा केलेला. तिथून त्यांनी वेग वाढवला आणि शर्यत जिथे संपायची त्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी ते पहिले पोचले. 2 तास 15 मिनिटं 16 सेकंद. तोवर मॅरेथॉन इतक्या कमी वेळात कोणीच धावलं नव्हतं.

चार वर्षांनी टोकियोत ते पुन्हा जिंकले, त्या वेळी बूट घालून. हे सांगायलाच हवं, नाहीतर अनवाणी पायांचे भक्त गोष्ट अर्ध्यावरच सोडतात. स्तंभ 2005 साली इथिओपियाला परत गेला.

(दृश्य: पुलाचा सांधा. लोखंडी दातांवरून उडी.)

पुलाच्या सांध्यावर ती उडी मारते. लोखंडी दातांच्या मधल्या फटीत बोट अडकू शकतं.

दुखापती होतात. घाईनं बूट टाकून देणाऱ्यांची पोटरी, घोट्यामागची जाड शीर किंवा चवड्याची हाडं दुखावतात, कधी हाडाला बारीक चीरही जाते. मधुमेहानं पायाची जाणीव गेलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

(दृश्य: आकाश फिकट. पहिली वाहनं. ती दुभाजकाला हात टेकून उभी.)

उजाडलं. बस आली, मागोमाग दुसरी. ती फुटपाथवर आली आणि चालायला लागली. चालताना लोक तिच्या पायांकडे बघतात. धावताना कोणाच्या लक्षात येत नाही.

(दृश्य: घराची पायरी. बादली, पाणी. तळव्याचा क्लोजअप.)

पाय धुतल्यावर तळव्याचा रंग परत आला. ती अंगठ्यानं तळवा दाबत जाते, टाचेपासून चवड्यापर्यंत, एकेक बोटाच्या मुळाशी थांबून. डोळ्यांना दिसत नाही ते अंगठ्याला टोचतं. इथे थांबली. पट्ट्यातला चिमटा काढला. उजेडाकडे पाय वळवून एकदा ओढलं, निसटलं, पुन्हा धरलं. काचेचा कण, साखरेच्या दाण्याएवढा. रक्त नाही, तो घट्ट्यातच अडकला होता.

उद्या ती धावणार नाही. पोटऱ्यांना एक दिवस द्यावा लागतो. परवा रस्ता दुसरा, पुलापलीकडचा. तिथे नवं डांबर पडलंय म्हणे.